परीक्षणाची सुरुवात गच्चीवरून

एखाद्या घराचे ऊर्जा परीक्षण, म्हणजे वीज कुठे आणि किती खर्च होते याची तपासणी, करायला गेले की घरमालक आधी मीटरच्या पेटीपाशी नेतात आणि तिथून थेट एसीसमोर उभे करतात. मी मात्र जिना कुठे आहे ते विचारते. लातूर, नांदेड, परभणी, बीड, छत्रपती संभाजीनगर, मराठवाड्यातले कोणतेही गाव घ्या. मार्च ते जून या चार महिन्यांत घरातली वीज ज्या कारणासाठी खर्च होते ते कारण बहुतांशी छतातून आत येते, असे माझे या कामातून बनलेले ठाम मत आहे. उपकरणांची यादी करून त्यांचे वॅट मोजणे हा परीक्षणाचा आवश्यक भाग आहेच, पण ज्या परीक्षणात छताचे तापमान घेतलेले नाही ते आपल्या भागापुरते अर्धवट समजावे.

आधी या कामाविषयी थोडे सांगते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि १ मार्च २००२ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई, ही संस्था काम करू लागली. परीक्षकांची प्रमाणपत्र परीक्षा हीच संस्था घेते आणि आपल्या राज्यात कायद्याच्या अंमलबजावणीचे काम महाऊर्जा ही राज्य शासनाची संस्था पाहते. कायद्याचा मुख्य रोख मोठ्या उद्योगांवर आहे. पोलाद, सिमेंट, खत, कागद अशा क्षेत्रांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा वापरणाऱ्यांना परीक्षण करून घ्यावेच लागते. जालन्यातल्या एखाद्या इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवायला पाचशे-सहाशे युनिट वीज लागते, त्यामुळे तिथे एक-दोन टक्के बचत झाली तरी परीक्षकाची फी काही दिवसांत निघून येते. घरांवर अशी सक्ती नाही आणि घरातली बचतही तुलनेने लहान, म्हणून या बाजूला फारसे कोणी वळत नाही. घरचा माणूस आम्हाला बोलावतो तो बिलाने पुरता जेरीस आल्यावरच. "मॅडम, बिल लई येऊलालंय हो," हे वाक्य लातूर भागात मी दारातच ऐकते. शेजारच्या घरातून मात्र कोणीतरी पडद्याआडून पाहत असते, कारण हातात टाँग टेस्टर, म्हणजे तारेतला प्रवाह मोजणारा चिमटा, घेऊन मीटरपाशी उभी असलेली व्यक्ती वीज बोर्डाकडूनच आलेली असणार आणि चोरीच्या विजेचा आकडा शोधत असणार, असा सर्वांचा समज असतो. तो समज दूर होईपर्यंत घराच्या आतल्या खोल्या मोकळेपणाने दाखवल्या जात नाहीत, म्हणून पहिली पंधरा मिनिटे चहा आणि ओळखपाळख यांत घालवणे मला कामाचाच भाग वाटते.

त्यानंतर वर्षभराची बिले मागायची. बारा बिले ओळीने मांडली की पुष्कळ गोष्टी आपोआप उघड होतात. वर्षातल्या सर्वांत कमी वापराचा महिना, जो आपल्याकडे बहुधा हिवाळ्यातला असतो, तो घराचा मूळ खर्च दाखवतो. त्यात फ्रिज, दिवे, टीव्ही, पाण्याची मोटार, मिक्सर आणि सकाळचा गिझर एवढेच असते. उरलेल्या महिन्यांत त्या आकड्याच्या वर जो उंचवटा दिसतो तो उन्हाळ्याचा. सर्वसाधारण मध्यमवर्गीय घरात हा उंचवटा मार्चमध्ये सुरू होऊन मे महिन्यात कळसाला पोहोचतो आणि पहिला चांगला पाऊस पडला की उतरू लागतो. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातो. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे आणखी वरचा. म्हणजे उन्हाळ्यातले हे वरचे युनिट सर्वांत महागडे असतात आणि वाचवायचेही तेच असतात. हिवाळ्यात एखादा दिवा कमी लावून जे वाचते आणि मे महिन्यात तेवढेच युनिट कमी करून जे वाचते त्यांत दराचा मोठा फरक असतो, आणि बिल हातात घेऊन समजावले की तो लोकांना चटकन पटतो.

आता गच्चीकडे. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास उघड्या काँक्रीटच्या गच्चीवर थर्मल गन, म्हणजे दुरून पृष्ठभागाचे तापमान सांगणारे यंत्र, धरली की आकडा साठ अंशांच्या पुढे सहज जातो. हवेचे तापमान बेचाळीस असते, पण काँक्रीटवर थेट ऊन पडते आणि काळपट, शेवाळून वाळलेला पृष्ठभाग ते जवळजवळ सगळे शोषून घेतो. साडेचार-पाच इंचांच्या स्लॅबमधून ही उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. म्हणून दुपारी बारा वाजता घर बरे वाटते आणि रात्री नऊ वाजता, बाहेर वारा सुटलेला असताना, वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसवत नाही. त्या वेळी छताला हात लावला तर ते अंगापेक्षा गरम लागते, आणि पंखा त्या छताखालची तापलेली हवाच अंगावर ढकलत राहतो. हिशेब करून पाहिला तर दहा बाय बाराच्या खोलीवरच्या उघड्या स्लॅबमधून तापलेल्या वेळी साधारण सव्वा ते दीड हजार वॅट उष्णता आत येते, म्हणजे छताला एक चालू इस्त्री टांगून ठेवावी तसे ते झाले. एक टनाच्या एसीची उष्णता बाहेर काढण्याची क्षमता साडेतीन हजार वॅट असते, तेव्हा त्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग केवळ छताशी झगडण्यात जातो. पाच ताऱ्यांचा एसी घेतला तरी हा झगडा संपत नाही, फक्त तो थोड्या कमी विजेत चालतो.

आपल्याकडे हे नेहमीच असे नव्हते. जुन्या माळवदाच्या घरांत, ज्यांना काही भागांत धाब्याची घरे म्हणतात, दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि लाकडी तुळयांवर फळ्या घालून वर चिकणमातीचा जाड थर असे. दिवसभराचे ऊन त्या थरातच मुरे आणि रात्रीच्या गारव्यात परत निघून जाई. भर उन्हाळ्यात दुपारी अशा घरात आल्यावर जो थंडावा जाणवे तो आमच्या पिढीतल्या अनेकांनी आजोळी अनुभवलेला आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि नेमकी हीच घरे माणसांवर कोसळली. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या, एकमेकांना न बांधलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचे प्रचंड ओझे, यांखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत माळवदाखाली झोपायची भीती बसली. ती भीती अगदी रास्त होती. लोकांनी माती उतरवली, पत्रे घातले, ज्यांना परवडले त्यांनी स्लॅब टाकला. जीव वाचवणारे छत मिळाले, पण त्या ओझ्याबरोबर उन्हाला अडवणारा थरही निघून गेला आणि त्याची जागा घेणारे हलके काही कोणी सुचवले नाही. पुढची तीस वर्षे आपण ती उणीव आधी पंख्याने, मग कुलरने आणि आता एसीने भरून काढत आलो आहोत. मराठवाड्यातल्या वीजबिलाचा हा इतिहास परीक्षणाच्या अहवालात कुठे लिहिला जात नाही, पण मला तो दर घरात दिसतो.

पत्र्याच्या घराचे मोजमाप करताना एक काळजी घ्यावी लागते, ती इथे मुद्दाम नोंदवते, कारण नव्या मुलांची इथे हमखास फसगत होते. नव्या चकचकीत पत्र्यावर थर्मल गन धरली तर ती तापमान फारच कमी दाखवते. पत्रा थंड असतो असे नाही. चकचकीत धातू स्वतःचे उष्ण किरण कमी सोडतो आणि समोरच्या आकाशाचेच प्रतिबिंब गनला दाखवतो. म्हणून वायरमनकडची काळी टेप दोन-तीन इंच कापून पत्र्याला घट्ट चिकटवायची, ती पत्र्याइतकी तापेपर्यंत थांबायचे आणि मग टेपवर नेम धरून आकडा घ्यायचा. त्याच पत्र्याचे खरे तापमान मग समोर येते, आणि घरातली बाई म्हणते की हे तर आम्हाला टेपशिवायही माहीत होते.

उपायांबद्दल बोलायचे तर सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा आहे. गच्ची झाडून, धुऊन, होळीनंतर चुन्याचे दोन हात दिले आणि चुना धरून राहावा म्हणून त्यात थोडा चिकट पदार्थ मिसळला तर पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन परतवून लावतो. परभणीतल्या एका घरात मी मालकांना गच्चीचा फक्त अर्धा भाग चुन्याने रंगवायला सांगितले होते. मे महिन्यात दोन्ही भागांवर गन धरली तेव्हा उघड्या भागावर साठीच्या वरचा आणि पांढऱ्या भागावर पंचेचाळीसच्या आसपासचा आकडा आला. मालक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी गन माझ्या हातून घेतली, स्वतः चार-पाच ठिकाणी फिरून खात्री केली आणि दुसऱ्याच दिवशी उरलेली गच्ची रंगवून घेतली. चुना पावसात धुऊन जातो आणि धुळीने मळतो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. ज्यांना एकदाच खर्च करायचा आहे त्यांनी गच्चीसाठीचा उष्णतारोधक पांढरा रंग किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक करावे. पत्र्याच्या घरात वरून पांढरा रंग आणि खाली फूटभर अंतर सोडून दुसरे आतले छत, असे दोन्ही केले तरच फरक पडतो. त्या छतासाठी बांबूचे तट्टे वापरता येतात. मात्र वायरिंग त्या तट्ट्यांच्या वरून मोकळे नेऊ नये, पाइपमधूनच न्यावे. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडबा पसरण्याची पद्धत गावोगावी आहे आणि तिचा उपयोगही होतो, पण चुलीची ठिणगी किंवा सैल तार जवळ असेल तर ती मी सुचवत नाही. हिरव्या शेडनेटची सावली अधिक सुरक्षित, फक्त ती पत्र्याला चिकटून नको. मधून वारा वाहायला हवा.

कुलरबद्दल एकच गोष्ट, पण ती जवळपास प्रत्येक घरात सांगावी लागते. कुलर लावल्यावर समोरची खिडकी उघडी हवी. एसीची सवय झालेले लोक खिडक्या लावून कुलर चालवतात, ओल खोलीत साचते, अंग चिकट होते आणि मग कुलर बिघडला असे समजून एसीची चौकशी सुरू होते. आपल्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत नीट बसवलेला कुलर दोनशे वॅटच्या आसपास जे काम करतो ते दीड टनाचा एसी दीड हजार वॅट घेऊन करतो, तेव्हा खिडकी उघडण्याचे मोल किती हे ज्याचे त्याने पाहावे.

छताच्या खालोखाल आपल्या भागात वीज खाते ती पाण्याची मोटार, आणि या विषयावर मला थोडे थांबावेसे वाटते. ज्या लातूर शहराने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले, त्या शहरात पाणी उपसण्याच्या विजेचा हिशेब कोणी विचारत नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते. एक हजार लिटर पाणी चारशे फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, वर उचलायला एका युनिटाचा जेमतेम तिसरा हिस्सा पुरायला हवा. पण झिजलेली सबमर्सिबल तीस टक्के कार्यक्षमतेने चालत असेल तर त्याच कामाला एका युनिटाहून जास्त वीज लागते, आणि उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की तीही पुरत नाही. टाकी भरून वाहून जाते तेव्हा पाण्याबरोबर ही वीजही वाहून जात असते. विजेचा आणि पाण्याचा हा संबंध उलट्या दिशेनेही आहे. २०१३ आणि २०१५ साली दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

लातूरमधल्या एका सोसायटीत सामाईक मीटरचे बिल फार येत होते आणि सर्वांचा राग लिफ्टवर होता. लिफ्टचा प्रवाह मोजला तर तो फार वेळ चालतच नव्हता. खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार मात्र रोज कित्येक तास सुरू होती. आम्ही टाकीत काठी उभी केली, पाण्याच्या पातळीवर खडूने खूण केली, अर्धा तास मोटार चालवली आणि पुन्हा खूण केली. टाकीची लांबी-रुंदी माहीत असल्यामुळे चढलेले पाणी लगेच काढता आले आणि टाँग टेस्टर व व्होल्टेजवरून मोटारीने घेतलेली वीज. दोन्हींचा मेळ घातला तेव्हा मोटारीच्या विजेतला फार थोडा भाग पाणी उचलण्यात जात होता. हौदातल्या पाइपच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह गळका होता, इंचाच्या पाइपला जागोजागी एल्बो, म्हणजे काटकोनी वळणे, होते आणि त्यावर दोन अश्वशक्तीची मोटार जोर लावत होती. याहूनही त्रासदायक गोष्ट टाकीच्या मागे सापडली. ओव्हरफ्लोचा पाइप थेट सांडपाण्याच्या उभ्या पाइपला जोडलेला होता, त्यामुळे टाकी भरून वाहिली तरी ते कोणालाही दिसत नव्हते. तो पाइप काढून पार्किंगच्या दारावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर पाणी पडेल अशा जागी आणला. त्यानंतर मोटार बंद करायला विसरणारे कोणी राहिले नाही.

घरातल्या आतल्या गळतीसाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटाला किती इम्पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकतो, ते छापलेले असते. समजा ते ३२०० आहे. घरातली सर्व बटणे बंद करावीत आणि मीटरसमोर घड्याळ घेऊन उभे राहावे. दिवा दर दहा सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल तर सगळे बंद असतानाही सुमारे ११० वॅट वीज कुठेतरी जात आहे. मग एकेक एमसीबी खाली पाडत जावे. जो पाडल्यावर दिवा थांबतो त्या वाटेवर कारण असते. बहुतेक वेळा तो जुन्या बॅटरीचा इन्व्हर्टर निघतो, जो बॅटरी कधीच पूर्ण भरत नसल्यामुळे दिवसरात्र वीज ओढत राहतो. भारनियमनाच्या काळात घेतलेले असे इन्व्हर्टर मराठवाड्यात घरोघरी आहेत. कधी मात्र वायरिंगमध्ये खरीच गळती असते, आणि ती बिलापेक्षा जिवाच्या दृष्टीने गंभीर असते. तिथे परीक्षण थांबवून आधी वायरमनला बोलावावे.

गिझरच्या बाबतीत आपल्याकडचे बोअरचे जड पाणी लक्षात ठेवावे. कॉइलवर क्षारांचा थर चढला की पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते. पंख्यांच्या बाबतीत जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅट आणि बीएलडीसी, म्हणजे नव्या प्रकारच्या कमी वीज घेणाऱ्या मोटारीचा, पंखा पूर्ण वेगात तीस-पस्तीस वॅट, एवढे पुरे. आपल्याकडे पंखे वर्षातले आठ-नऊ महिने फिरतात, त्यामुळे जो पंखा सर्वांत जास्त तास चालतो तो आधी बदलावा.

आजकाल परीक्षणाच्या आधीच छतावर सौर पॅनेल बसवलेले असते. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे हे होणे स्वाभाविक आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. माझे सांगणे एवढेच असते की आधी खर्च आवरावा आणि मग किती किलोवॅट हवे ते ठरवावे. छत पांढरे करून, मोटार दुरुस्त करून आणि दोन-तीन पंखे बदलून ज्या घराला तीनऐवजी दोन किलोवॅट पुरतात, त्याच्या गच्चीवरची शंभर चौरस फूट जागा वाळवणाला आणि झोपायला मोकळी राहते. पॅनेल बसवताना ते झोपायच्या खोलीच्या वर येतील असे पाहावे. त्यांची सावली स्लॅबवर पडते आणि ती खोली थोडी गार राहते. बसवणारे लोक हे स्वतःहून सांगत नाहीत, त्यांना वायरचे अंतर कमी ठेवायचे असते.

नवीन घर बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. घरांच्या बांधकामासाठी बीईईने डिसेंबर २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली. तिच्यात छतातून उष्णता किती वेगाने आत यावी याची मर्यादा दिलेली आहे. दर चौरस मीटरला, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला १.२ वॅट. आपल्या नेहमीच्या उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या पुढे जातो. तो मर्यादेत आणायला माळवदासारखे ओझे लागत नाही. स्लॅबवर इंचभर जाडीचा एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीनचा, म्हणजे थर्मोकोलच्या जातीचा पण घट्ट, बोर्ड अंथरून त्यावर कोबा केला की पुरते, आणि या बोर्डाचे वजन एका माणसाला सहज उचलता येईल एवढेच असते. ज्यांचे बांधकाम या हिवाळ्यात स्लॅबपर्यंत येणार आहे त्यांनी कंत्राटदाराशी हे आताच बोलून ठेवावे, अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ घालून घ्यावी, आणि गवंडी कोब्याला हात घालण्याआधी बोर्ड गच्चीवर पोहोचलेला असेल असे पाहावे. कोबा एकदा झाला की तो फोडून त्याखाली काही घालायला ना कंत्राटदार तयार होतो, ना घरमालक.